संगीताचं मासिक नेमकं कोणासाठी? नाशिकचा एक अडलेला अंक, आणि तुमचा सल्ला हवा आहे

मंद्रसप्तक (नाशिक)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होतो. माझा व्यवसाय डीटीपीचा. रविवार कारंजाजवळ बावीस वर्षं लग्नपत्रिका, स्मरणिका आणि शाळांची वार्षिकं लावतोय. गाणं येत नाही, पण ऐकल्याशिवाय राहवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एक संगीत त्रैमासिक काढलं. मी, गायनाचा क्लास घेणाऱ्या एक ताई, बँकेतून निवृत्त झालेले एक रेकॉर्डसंग्राहक आणि साउंडचा धंदा असलेला एक मित्र. ३२ पानं, किंमत ४० रुपये, ६०० प्रती. तीन अंक निघाले आणि काम थांबलं. उरलेले गठ्ठे माझ्या माळ्यावर आहेत.

मजकूर वाईट नव्हता हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. एका अंकात यमनवर ताईंचा लेख, लावणीवर एक, गझलगायकीवर एक, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडल्सवर एक, भजनी मंडळांची माहिती आणि जुन्या रेकॉर्डी सांभाळायच्या कशा हेसुद्धा. मुखपृष्ठावर नावाखाली आम्ही छापलं होतं, 'संगीतावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकासाठी'. दुखणं त्या ओळीतच होतं असं मला आता वाटतं.

दुसरा अंक आला त्या दिवशी शालिमारच्या एका स्टॉलसमोर चहाच्या गाडीपाशी मी तासभर उभा होतो. अंक दोरीवर चिमट्याने टांगलेले, एकावर एक सरकवलेले. प्रत्येकाची डावीकडची चार बोटं पट्टी तेवढी दिसते. आमचं नाव मी खास सुलेखन करून घेतलं होतं आणि ते होतं उजवीकडे. डावीकडे तानपुऱ्याचा भोपळा. म्हणजे रस्त्यावरून दिसत होता फक्त भोपळा आणि भगवा रंग. एक आजोबा आले, अंक ओढून मधूनच उघडला. त्यांना नेमका गिटारच्या पेडल्सचा लेख लागला. त्यांनी अंक नीट मिटून परत चिमट्यात लावला आणि शेजारचं भजनांचं पुस्तक घेऊन गेले. थोड्या वेळाने पाठीवर गिटारची बॅग लावलेला एक मुलगा आला, दोरीवर नजर टाकून पुढे गेला. ज्याच्यासाठी तो लेख होता त्याने अंक उचलला नाही आणि ज्याने उचलला त्याच्यासाठी तो लेख नव्हता.

तेव्हापासून, संगीताची नियतकालिकं चालवणाऱ्यांनी आपला वाचक कसा ठरवला, हे मी मिळेल तिथून वाचतोय. लंडनमध्ये १९२६ साली लॉरेन्स राइट यांनी 'मेलडी मेकर' काढलं. राइट स्वतः संगीत प्रकाशक, म्हणजे गाण्यांचे स्वरलेखनाचे कागद छापून विकणारे. ते कागद घेणार कोण, तर नाचाच्या वाद्यवृंदात वाजवणारे लोक. मासिक त्यांच्यासाठीच काढलं. वाजवणारा अंक वाचेल, त्यातलं गाणं वाजवेल, मग गाणं खपेल. घरी बसून ऐकणाऱ्याचा त्यात विचारच नव्हता.

पुढे १९५२ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' आलं. त्यांनी १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात ब्रिटनमधली रेकॉर्डविक्रीची पहिली यादी छापली. तोवर गाण्याची लोकप्रियता छापील कागद किती खपले यावरून मोजत. त्यांच्याकडच्या पर्सी डिकिन्स यांनी रेकॉर्डच्या दुकानांना फोन फिरवून कुठली तबकडी किती गेली ते विचारलं. वरवर बघता ही एक साधी यादी. पण तिने वाचकच बदलला. वाजवणारा मागे पडला आणि दुकानात जाऊन रेकॉर्ड घेणारा तरुण पुढे आला. रेकॉर्ड कंपन्यांना जाहिरात द्यायला कारणही मिळालं.

आणि १९७८ मध्ये निक लोगन यांनी 'स्मॅश हिट्स' काढलं, त्यात गाजत्या गाण्यांचे शब्द छापायचे. हे वाचल्यावर मला लहानपणी थिएटरबाहेर मिळणारी सिनेमाच्या गाण्यांची पातळ पुस्तकं आठवली. ज्याला गाणं गुणगुणायचंय त्याच्या हातात शब्द दिले की झालं, समीक्षा त्याला नको असते.

आम्हाला या दिवाळीपासून पुन्हा सुरू करायचंय. पण या वेळी वाचक आधी ठरवायचा आणि मगच पानं लावायची. तुम्ही कोणाला निवडाल? का? मोकळेपणाने लिहा, टीका चालेल.

---

तिरकिट (पंचवटी, नाशिक)

मंद्रसप्तकजी, तुमचा तिसरा अंक मी घेतला होता. माझा तबल्याचा क्लास आहे, म्हणून थोडं हक्काने लिहितो.

वाचक तुमच्या गल्लीतच आहे. दर सत्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा देणारी मुलं मोजा. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अशा चढत्या पायऱ्या. प्रत्येक मुलामागे एक पालक आणि दहा-वीस मुलांमागे एक शिक्षक. यांना दर महिन्याला काहीतरी लागतंच: तालाची माहिती, रागाची तुलना, तोंडी परीक्षेला काय विचारतात ते.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' १९४७ पासून निघतंय. ते इतकी वर्षं कशाच्या जोरावर टिकलं? परीक्षांचं जाळं आधी होतं, मासिक त्यावर उभं राहिलं. वाचक शोधत फिरावं लागलं नाही. हाथरसचं 'संगीत' मासिकही तसंच. काका हाथरसी आपल्याला हास्यकवी म्हणून माहीत, पण 'संगीत कार्यालय' ही प्रकाशनसंस्था त्यांनीच १९३२ मध्ये काढली आणि १९३५ पासून मासिक सुरू केलं. हाथरस काही मुंबई-कलकत्ता नव्हे. पण गाणं शिकणाऱ्याला पुस्तक हवं तर ते हाथरसहून मागवायचं, अशी त्या गावाची ओळख झाली.

आणि आपण नाशिककर तर पलुस्करांना विसरूच शकत नाही. विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे पंचवटीत आश्रम काढून शिष्य घडवले. पण त्यांनी स्वतःचा छापखाना घातला होता, स्वरलिपीची पुस्तकं छापली, 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिकही चालवलं, हे फारसं बोललं जात नाही. शाळा, पुस्तक, मासिक आणि जलसा, सगळ्यांवर एकच नाव. ज्या काळात गवई म्हटलं की लोक नाक मुरडायचे, त्या काळात मध्यमवर्गीय घरातल्या आईवडिलांना 'इथे मुलांना पाठवायला हरकत नाही' असा भरवसा त्या नावाने दिला. आज ज्याला ब्रँड म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

माझं मत स्पष्ट आहे. शिकणाऱ्यासाठी काढा.

---

मीरा_कॉलेजरोड (नाशिक)

धागा आवडला. मी बारा वर्षं मुंबईत जाहिरात संस्थेत माध्यम नियोजन केलं, म्हणजे कुठली जाहिरात कुठे द्यायची ते ठरवायचं काम, आता घरून काम करते. एक गोष्ट आधी मांडते, कारण ती सुटली तर बाकी सगळी चर्चा हवेत राहते.

मासिकाचे ग्राहक दोन असतात. एक अंक विकत घेणारा, दुसरा जाहिरात देणारा. दादा, तुमच्या ४० रुपयांचा हिशेब मांडा पाहू. स्टॉल आणि वितरकाचं कमिशन, छपाई, टपाल. हातात काय उरलं?

दुसऱ्या ग्राहकाला आपला वाचक पटवून द्यावा लागतो. त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण 'रोलिंग स्टोन'चं. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॅन वेनर आणि राल्फ ग्लीसन यांनी साडेसात हजार डॉलर उसने घेऊन ते सुरू केलं. वाचक ठरलेला होता, रॉक ऐकणारी, व्यवस्थेवर चिडलेली तरुण पिढी. ओळख इतकी पक्की झाली की पुढे तीच आडवी आली. ऐंशीच्या दशकात मोठे जाहिरातदार म्हणायचे, तुमचे वाचक म्हणजे केस वाढवलेले कफल्लक हिप्पी, ते आमच्या गाड्या काय घेणार? तेव्हा १९८५ मध्ये मिनियापोलिसच्या फॅलन मॅकएलिगॉट या संस्थेने त्यांच्यासाठी मोहीम केली. समोरासमोरची दोन पानं. डावीकडे हिप्पी, वर शब्द 'समज'. उजवीकडे नीटनेटका कमावता तरुण, वर शब्द 'वस्तुस्थिती'. पुढच्या जाहिरातीत डावीकडे रंगवलेली जुनी व्हॅन, उजवीकडे नवी कोरी गाडी. मजकूर जवळजवळ नाहीच. ही मोहीम वाचकांसाठी नव्हतीच, जाहिरात देणाऱ्यांच्या डोक्यातलं चित्र पुसण्यासाठी होती, आणि जाहिरातीच्या धंद्यात ती अजून शिकवतात.

आता नाशिक बघा. सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाला तिकीट काढून जाणारा श्रोता आणि पाडव्याला पहाटे पिंपळपारावर सतरंजीवर येऊन बसणारा श्रोता. दोघंही 'संगीतप्रेमी'च. पण एकाच अंकाने दोघांनाही बोलावलं तर कोणीच येणार नाही, आणि जाहिरातदारालाही कळणार नाही की तुम्ही त्याची ओळख कोणाशी करून देताय. वय, शिक्षण, उत्पन्न हे तर आम्ही बघायचोच. पण संगीतात त्याहून महत्त्वाचं हे की तो माणूस स्वतःला काय समजतो. 'मी शिकतोय', 'मी वाजवतो', 'मी जाणकार आहे', 'मी नवं शोधतो'. अंक हातात घेतल्यावर त्याला वाटलं पाहिजे, हे माझ्याच माणसांचं आहे.

---

टिपरू (सिडको, नाशिक)

मी ढोल पथकात आहे, चार वर्षं झाली. वय २१. मासिकं फारशी वाचत नाही हे खरं सांगतो.

पण तिरकिट सर, 'शिकणारे' म्हटलं की तुम्ही फक्त परीक्षेवाले धरले. आमच्या पथकात जून-जुलैपासून रोज संध्याकाळी सराव असतो. नवीन पोरं आली की हात, म्हणजे वाजवायचे ठेके, शिकवायचे कसे? पहिला हात, दुसरा हात, सगळं तोंडी आणि कानावर. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ टाकतो, दोन दिवसांत तो खाली जातो. कोणी जर हात लिहून छापले, थापी (हाताची थाप) कुठे आणि टिपरू (काठीचा ठोका) कुठे हे दाखवून, तर मी विकत घेईन. माझ्यासोबतचे पण घेतील. ढोल ताणायचा कसा, ढोलाचं पान (वरचा पडदा) कधी बदलायचं, कान कसे सांभाळायचे हे पण कोणी लिहीत नाही. 'नाशिक ढोल' म्हणून बाहेरच्या राज्यांतून आपल्याला बोलावतात आणि आपल्याच गावात त्यावर एक पान छापलेलं नाही.

---

जुनी_तबकडी (नाशिक रोड)

वरच्या लेखातला बँकेतून निवृत्त झालेला रेकॉर्डसंग्राहक तो मीच.

माझा जरा वेगळा सूर आहे. इतके कप्पे करू नका. मी सकाळी भैरव ऐकतो, दुपारी तलत, संध्याकाळी कधी नातीने लावलेलं इंग्रजी गाणंही. माणूस एका कप्प्यात मावत नाही. आणि एकदा कप्पा ठरवला की मासिक त्यात अडकतं, नाही का?

'बिलबोर्ड'च बघा. आज जगभर गाण्यांच्या क्रमवारीसाठी ज्याचं नाव घेतात, ते १८९४ मध्ये सिनसिनाटीला सुरू झालं ते भिंतींवर जाहिरातींचे कागद चिकटवणाऱ्यांचं व्यवसायपत्र म्हणून. नावातच जाहिरातीचा फलक आहे. मग सर्कस, जत्रा, तमाशांसारखे फिरते खेळ यांच्या बातम्या आल्या, कारण त्यांचेच कागद चिकटवले जायचे. मग नाणं टाकून वाजणारी यंत्रं आली, रेकॉर्ड आल्या. १९५८ मध्ये 'हॉट १००' ही गाण्यांची क्रमवारी सुरू झाली. वाचक पार बदलला, नाव तेच. त्यांनी पहिल्याच दिवशी दार लावून घेतलं असतं तर?

---

मीरा_कॉलेजरोड

काका, उदाहरण फार छान, पण ते माझ्याच बाजूचं आहे. बिलबोर्डने सगळं एका अंकात कायम ठेवलं नाही. १९६१ मध्ये जत्रा-करमणुकीचा भाग वेगळा काढून त्याचं स्वतंत्र नियतकालिक केलं आणि मूळ अंक संगीतधंद्याचा केला. आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांचा वाचक धंद्यातलाच माणूस होता. आधी कागद चिकटवणारा, शेवटी रेकॉर्ड विकणारा. गंमत म्हणून ऐकणाऱ्यासाठी त्यांनी ते काढलंच नव्हतं.

माणूस एका कप्प्यात मावत नाही हे अगदी मान्य. पण तुम्ही भैरव ऐकताना जे वाचाल ते तलत ऐकताना वाचणार नाही. अंक माणसाच्या एका वेळेसाठी असतो.

---

स्टॉलवाला (सीबीएस, नाशिक)

नमस्कार. एकतीस वर्षं स्टॉल आहे. मुलगा टाईप करून देतोय, मी सांगतोय.

दोरीचं तुम्ही बरोबर पाहिलंत. नाव डावीकडे वरच पाहिजे. जुने मोठे अंकवाले हे कधी चुकत नव्हते. रंगही दर वेळी बदलू नका. गिऱ्हाईक वाचत नाही, रंग ओळखून हात घालतं. एसटी सुटायला पाच मिनिटं असतात, त्यात त्याने ओळखलं पाहिजे.

तारखेला अंक आला पाहिजे. तुमच्यासारखे हौशी अंक इथेच मार खातात. दोनदा विचारायला येतो माणूस, 'आला का?' तिसऱ्यांदा येत नाही.

आणि एक सांगू का, राग मानू नका. तुमच्या अंकाला स्टॉलची गरज नाही. स्टॉलवर ज्याला काय हवं ते माहीत नाही असा माणूस येतो. तुमचं गिऱ्हाईक कुठल्या क्लासात बसतं ते तुम्हाला माहीत आहे, मग मला कमिशन कशाला देता?

---

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टॉलवाले काका, राग कसला, इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं.

मीराताई, हिशेब लिहितो. ४० रुपयांतले १४ कमिशनचे, छपाई आणि कागद मिळून २३. उरले ३. त्यात टपाल आणि नेआण. जाहिराती तीन अंकांत मिळून दोन आल्या, त्यातली एक आमच्याच साउंडवाल्या मित्राची.

तिरकिट सर, आता एक कबुली. पहिल्या अंकात यमनची बंदिश स्वरलिपीसह छापली होती. स्वर लिहायच्या भातखंडे पद्धतीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराला खाली टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वराला वर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. ही चिन्हं मी रात्री जागून एकेक करून बसवली होती. पान लहान आकारात नेताना खालची टिंबं इतकी बारीक झाली की छपाईत उडाली. मंद्रातला निषाद मध्य सप्तकात गेला. ताईंच्या क्लासातल्या एका मुलीने ते तसंच पाठ केलं आणि घरी तसंच गायलं. आईने ताईंना फोन करून विचारलं, 'पुस्तकात असं आहे, मग तुम्ही वेगळं का शिकवता?' ताई मला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या अंकाला त्यांनी स्वरलिपी दिली नाही, नुसता लेख दिला. मला ते फार लागलं. त्या मुलीने छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवला होता.

ओळख, ब्रँड या शब्दांवर मी खूप विचार करत होतो, नाव कुठलं, रंग कुठला, अक्षर कुठलं. पण त्या आईच्या लेखी आमची ओळख त्या एका टिंबाने ठरली. म्हणून माझा कल तिरकिट सरांकडे झुकतोय. ज्याला आमच्या छापलेल्या स्वराची खरोखर गरज आहे, त्याच्यासाठी काढावं.

प्रश्न उरतो मोबाईलचा. हल्ली सगळं फुकट मिळतं. मग छापील अंक कोण घेईल?

---

स्वरगंध_पुणे (पुणे)

नाशिकच्या धाग्यात पुणेकर घुसतोय.

फुकटाबद्दल लिहितो. वर ज्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'चा उल्लेख आला, तेच उदाहरण बघा. विक्री घसरत गेली म्हणून सप्टेंबर २०१५ पासून त्यांनी साप्ताहिक फुकट वाटायला सुरुवात केली. रेल्वे स्टेशनं, दुकानं, कॉलेजं. प्रती तीन लाखांवर गेल्या. पण सगळ्यांच्या हातात पडायचं म्हणून मजकूर सगळ्यांचा करावा लागला, संगीताबरोबर सिनेमा, मालिका, कपडे. जुने वाचक म्हणू लागले, हे आमचं राहिलं नाही. मार्च २०१८ मध्ये छापील साप्ताहिक बंद झालं. पुढे २०२३ मध्ये नाव पुन्हा कागदावर आलं ते दोन महिन्यांनी निघणारा अंक म्हणून.

उलट बाजूला लंडनचंच 'द वायर'. १९८२ पासून निघतंय, जॅझपासून पार प्रयोगशील आवाजांपर्यंत, म्हणजे अगदी मोजक्या लोकांचं. २००० मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनीच ते विकत घेतलं आणि अजून छापतात. तिथला वाचक दुसरीकडे जाऊच शकत नाही, कारण ते दुसरीकडे मिळत नाही.

'क्यू'ची गोष्ट मधली. १९८६ मध्ये मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ यांनी ते काढलं तेव्हा सीडी नुकत्या आल्या होत्या. तिशी ओलांडलेला, हातात पैसा असलेला माणूस आपल्या जुन्या रेकॉर्डी सीडीवर पुन्हा विकत घेत होता आणि बाकीची संगीतपत्रं विशीतल्यांशीच बोलत होती. 'क्यू'ने त्या माणसाला धरलं. पण तो वाचक सीडीच्या दुकानाशी बांधलेला होता. दुकानं गेली, २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत मासिकही गेलं. म्हणून वाचक निवडताना हेही बघा की त्याची गरज कशाला टांगलेली आहे. परीक्षा आणि गुरू हे सीडीपेक्षा टिकाऊ वाटतात मला.

आणि लहान गावातून होत नाही असं कोणी म्हटलं तर १९९३ आठवा. 'रॉक स्ट्रीट जर्नल' अमित सहगल यांनी अलाहाबादहून काढलं! भारतात रॉक वाजवणारी मुलं शिलाँग, बंगलोर, दिल्ली अशी विखुरलेली. त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. त्या मासिकाने तो दिला आणि १९९७ पासून 'ग्रेट इंडियन रॉक' हा महोत्सवही त्यांनीच भरवला. मासिकाचं नाव आधी कमावलं, मग त्या नावावर लोक मैदानात आले.

---

टिपरू

म्हणजे ढोल राहिला का बाजूला?

---

मीरा_कॉलेजरोड

नाही रे, ऐक. 'केरँग' माहीत आहे? नाव म्हणजे इलेक्ट्रिक गिटार जोरात छेडल्यावर जो आवाज येतो तो. १९८१ मध्ये ते 'साउंड्स' नावाच्या साप्ताहिकाची पुरवणी म्हणून आलं, फक्त हेवी मेटलसाठी. मूळ साप्ताहिकाचा वाचक वेगळा, पुरवणीचा वेगळा. पुरवणी इतकी उचलली गेली की तिचं स्वतंत्र मासिक झालं, मग साप्ताहिक, १९९३ पासून त्यांचे पुरस्कार, २००१ मध्ये दूरचित्रवाहिनी. 'साउंड्स' १९९१ मध्ये बंद पडलं, पुरवणी उरली.

म्हणून दादा, माझी सूचना. मुख्य अंक विद्यार्थी आणि शिक्षकांचा. वर्षातून एकदा, गणपतीच्या दीड-दोन महिने आधी, सराव सुरू होतो तेव्हा, ढोल-ताशाची स्वतंत्र पुरवणी. वेगळं नाव, वेगळा रंग, वेगळी विक्री. तिला जाहिरातीही वेगळ्या मिळतील: ढोल बनवणारे, कुर्ते-फेटेवाले, साउंडवाले. मुख्य अंकाला वाद्यांची दुकानं, क्लासेस, पुस्तकवाले. टिपरू, हात लिहून घ्यायचं काम तुझं.

---

तिरकिट

पुरवणीला माझा विरोध नाही, पण मुख्य अंकाच्या आत नको. पालक अंक चाळतो तेव्हा त्याला एकच सूर लागला पाहिजे.

टिपरू, हात लिहायचे असतील तर ये एकदा. मात्रा कशा मोजायच्या ते दाखवतो. तू वाजवून दाखव, मी लिहितो.

---

जुनी_तबकडी

मान्य. माझे कप्पे पाडले गेले तरी वाईट वाटत नाही. मुख्य अंकात मला एकच पान द्या. ज्या रागाचा अंक असेल त्या रागाची जुनी ध्वनिमुद्रिका, कोणाची, किती मिनिटांची, विद्यार्थ्याने त्यात काय ऐकावं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत जुन्या लोकांनी राग कसा बसवला हे मुलांना कळलं पाहिजे. माझ्याकडच्या तबकड्या क्लासात घेऊन यायलाही तयार आहे.

---

मंद्रसप्तक

काल ताईंशी आणि साउंडवाल्या मित्राशी बोललो. ठरलं ते लिहितो.

वाचक: प्रवेशिका ते मध्यमाचा विद्यार्थी आणि त्याचा शिक्षक, नाशिक शहर आणि सिन्नर, निफाड, येवला, दिंडोरी इथले क्लासेस. स्टॉल नाही. क्लासला थेट गठ्ठा, वार्षिक वर्गणी, अंक शिक्षकांच्या हातून. 'संगीतावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकासाठी' ही ओळ काढली. नाव डावीकडे वर, रंग वर्षभर एकच. गिटारच्या पेडल्सचा लेख ज्याने लिहिला होता त्याला मी स्वतः भेटून सांगितलं, त्याला वाईट वाटलं, पण समजलं.

नोंदणीबाबत, नवा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय. शीर्षक आणि नोंदणी दोन्हींचा अर्ज आता 'प्रेस सेवा' पोर्टलवर एकत्रच करता येतो. पूर्वीसारखं आधी शीर्षक मिळवा, मग पुढचं, असं नाही. अर्ज भरायला घेतलाय.

स्वरलिपीचं पान मूळ आकारातच लावणार, लहान करणार नाही, मग पानं वाढली तरी चालतील. छापायला जाण्याआधी ताई आणि तिरकिट सर दोघांनी ते पान वाजवून-गाऊन तपासायचं. सर, कराल ना?

---

तिरकिट

करीन. फक्त एक आत्ताच ठरवा. तालचिन्हं कुठली? भातखंडे पद्धतीत समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिलेची खूण आणि खालीला, म्हणजे टाळी न देता दाखवायच्या मात्रेला, शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला अधिकची खूण. कित्येक पुस्तकांत समेलाच अधिक छापलेलं असतं. पोरगं एकात समेला अधिक बघतं, दुसऱ्यात खालीला, आणि झपतालात सहाव्या मात्रेवर, जिथे खाली येते तिथे, गोंधळून थांबतं. माझ्या क्लासात दर वर्षी होतं.

---

मंद्रसप्तक

भातखंडे घेऊ. समेला गुणिले, खालीला शून्य, आणि दर अंकात तालाच्या पानावर खाली खुणांची किल्ली. पलुस्कर पद्धतीतली खूण शेजारी छोट्या चौकटीत, म्हणजे दुसऱ्या पुस्तकातून आलेल्या मुलाला कळेल. झपतालाचं पान आज रात्री लावतो आणि उद्या तुमच्या क्लासवर घेऊन येतो. किती वाजता येऊ?

---

तिरकिट

साडेपाचला या. सहाला प्रवेशिकाची मुलं येतात, त्यांच्यासमोरच ठेवू.